झाड जगविण्याचा धंदा

(एका खेड्यांतील तरुण मंडळाच्या सभेंत तेथील प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनीं दिलेलें व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनीं मला "तरुणांपुढील धंदे" या विषयावर बोलण्यास सांगितलें. धंद्यांची लांबलचक यादी वाचून दाखविणें सोपें आहे; पण यादी ऐकून कोणाचें पोट भरत नाहीं. म्हणून आज मी एकच धंदा घेणार आहें, आणि तो बुडापासून शेंड्यापर्यंत सांगणार आहें. एका जागचें झाड सांभाळून काढून दुसऱ्या जागीं लावणें आणि झाडांची बारमास निगा राखणें, हा तो धंदा. मी शिक्षक आहें, मक्तेदार नाहीं. परंतु अध्यापक विद्यालयांत आम्हांला बागकामाचा तास असे, आणि तेव्हांपासून शाळेच्या आवारांत मुलांना घेऊन मी झाडें लावीत, हलवीत व जगवीत आलों आहें. त्या अनुभवावर आणि पुस्तकांतून पडताळून घेतलेल्या माहितीवर हें बोलणें आहे.

आपल्या भागांतून मोठा रस्ता रुंद झाला तें तुम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. त्या कामांत रस्त्याकडेचीं जुनीं झाडें काढावीं लागलीं. कांहीं तोडलीं गेलीं. कांहीं "दुसरीकडे लावूं" म्हणून उचललीं गेलीं. उचलण्याचा मक्ता बाहेरच्या एका मक्तेदारानें घेतला होता. त्याचें नांव घेण्याचें येथें कारण नाहीं. त्यानें आपल्याच गांवचीं पोरें रोजंदारीवर खणायला धरलीं. यंत्राच्या दांत्यानें मुळें तोडून, फांद्यांचे नुसते खुंट ठेवून, झाडें गायरानांत नेऊन खड्ड्यांत उभीं केलीं. पाणी दोन दिवस घातलें. त्यानंतर टँकर फिरकला नाहीं. होळीपर्यंत तीं झाडें वाळून सरपण झालीं. कागदावर मात्र "पुनर्रोपण केलेलीं झाडें" अशी नोंद झाली आणि बिल निघालें.

यांत आपलें दुहेरी नुकसान झालें. सावली गेली ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या कामाला माती ओळखणारा हात आणि झाड ओळखणारा डोळा लागतो, त्या कामांत आपल्या पोरांच्या वांट्याला फक्त कुदळ आली. नफा गेला शहरांत आणि फोड आले आपल्या तळहाताला. खेड्यांतला माणूस पिढ्यान्‌पिढ्या झाडांच्या सोबतीनें राहतो, तरी झाडाच्या कामांत तो मजूरच कां? धनी कां नाहीं? या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

हा प्रकार आपल्याच तालुक्यांत घडतो असें समजूं नका. दिल्ली सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें झाडें हलविण्याविषयीं एक धोरण जाहीर केलें. बांधकामाच्या आड येणाऱ्या झाडांपैकीं निदान शेंकडा ८० झाडें तोडण्याऐवजीं हलवावीं, आणि हलविलेल्यांपैकीं निदान शेंकडा ८० एक वर्षानंतर जिवंत असावीं, असा त्यांत दंडक आहे. दंडक चांगला आहे. परंतु २०२२ सालीं तेथील वनखात्यानेंच उच्च न्यायालयापुढें जी माहिती ठेवली, तीवरून आदल्या तीन वर्षांत हलविलेल्या सुमारें १६ हजार झाडांपैकीं एक तृतीयांशच जगल्याचें दिसून आलें. राजधानीच्या शहरांत क्रेनचा तुटवडा नसतो, पैशाचाहि नसतो. माझ्या मतें तुटवडा होता तो निगेचा. आणि निगा ही वस्तु यंत्राबरोबर भाड्यानें मिळत नाहीं.

झाड कसें जगतें हें आधीं समजून घेऊं. आपली समजूत अशी कीं, झाडाचें मूळ सरळ पाताळांत जातें आणि तेंच त्याला पाणी पाजतें. मोठीं मुळें झाडाला उभें धरतात हें खरें. पण पाणी व अन्न ओढण्याचें काम केंसासारख्या बारीक मुळ्या करतात. त्यांतील बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फूट मातींत असतात, आणि त्या फांद्यांच्या घेराच्याहि बाहेर पसरलेल्या असतात. झाड काढलें कीं या मुळ्यांचा फार मोठा भाग जुन्या जागींच राहतो. पानें मात्र पूर्वीइतकेंच पाणी मागतात. खाणारीं तोंडें तेवढींच आणि कमावणारे हात तुटलेले, असा तो संसार होतो. तो संसार पुन्हां मार्गाला लावणें हीच ही सारी विद्या.

आतां रीत क्रमानें सांगतों. ज्यांच्याजवळ वही असेल त्यांनीं लिहून घ्यावी.

जमिनीपासून एक फुटावर बुंध्याला सुतळी गुंडाळून घेर मोजा. घेराला तिनानें भागलें म्हणजे बुंध्याची जाडी ठोकळ मानानें निघते. जाडीच्या दर इंचामागें दहा ते बारा इंच रुंदीचा मातीचा गोळा मुळांसकट ठेवावा लागतो. घेर १२ इंच असेल तर जाडी ४ इंच आणि गोळा साडेतीन ते चार फूट रुंद. तो दोन फूट खोल धरला तर वजन एक टनाच्या आसपास भरतें. घेर २४ इंच झाला कीं जाडी ८ इंच, गोळा सात-आठ फूट रुंद व तीन फूट खोल, आणि वजन पांच-सहा टन. पहा, जाडी दुप्पट झाली तर वजन पांच-सहापट वाढलें. म्हणून नव्या माणसानें चार इंच जाडीपर्यंतच्या झाडांनीं सुरुवात करावी. एवढा गोळा तीन भक्कम बल्ल्यांची घोडी व दोन टन पेलणारी साखळीची कप्पी यांनीं उचलतां येतो. त्यापुढें क्रेन भाड्यानें आणावी लागते. ती विकत घेण्याच्या फंदांत कोणी पडूं नये.

गोळ्याच्या कडेनें चर खणायचा तो एका दमांत नव्हे. वर्तुळाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग आधीं खणावे आणि उरलेले दोन मागाहून. मुळें धारेच्या करवतीनें किंवा कातरीनें साफ कापावीं; कुदळीनें ठेचूं नयेत. चरांत पोयट्याची माती, थोडी वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत भरून पाणी द्यावें. कापलेल्या टोंकांशीं नव्या बारीक मुळ्या फुटतात. झाड निघतांना त्या गोळ्याबरोबर येतात. लहान झाडाला याप्रमाणें दोन-तीन महिने द्यावे, मोठ्याला पुरा हंगाम. येत्या जूनमध्यें मोठें झाड हलवायचें असेल तर आदल्या दिवाळीच्या सुमारास पहिला चर आणि माघांत दुसरा, असा हिशेब धरावा. जो सोमवारीं येतो आणि मंगळवारीं झाड उचलतो, त्याच्या झाडाचें मरण तेथेंच ठरलेलें असतें.

उचलण्यापूर्वी बुंध्यावर उत्तरेच्या बाजूस चुन्याची खूण करावी, आणि नव्या जागीं ती खूण उत्तरेलाच ठेवावी. नाहीं तर सावलींत वाढलेली साल उन्हांत येऊन भाजते. आदल्या दिवशीं भरपूर पाणी द्यावें, म्हणजे गोळा फुटत नाहीं. गोळ्याला गोणपाट गुंडाळून काथ्याच्या दोरानें आवळावें. उचलतांना भार गोळ्याखालून घ्यावा. नुसत्या बुंध्याला फास घालून झाड उचललें कीं साल सोलून निघते व मुळें मातींतून सुटतात. नवा खड्डा गोळ्याहून दोन फूट जास्त रुंद, पण गोळ्याइतकाच खोल असावा. झाड पूर्वी जेवढें मातींत होतें तेवढेंच मातींत राहिलें पाहिजे. बुंधा पुरला गेला तर साल कुजते. काळ्या चिकण जमिनींत पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी, नाहीं तर खड्ड्याचा हौद होतो. मग तीन बाजूंनीं ताण द्यावे, व दोर सालीला घासूं नये म्हणून सायकलची जुनी ट्यूब घालावी. हे ताण वर्षभरानें आठवणीनें सोडावे.

फांद्यांविषयीं दोन शब्द. वाळलेल्या, मोडक्या व एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्या आणि थोडी विरळणी करावी. सगळा माथा उडवून खुंट ठेवणें याला छाटणी म्हणत नाहींत. पान ही झाडाची चूल आहे. चूलच विझविली तर नव्या मुळ्यांना जेवण कोठून मिळणार? जड फांदी कापतांना आधीं खालच्या अंगानें थोडा काप द्यावा आणि मग वरून कापावें, म्हणजे साल फाटत खालीं येत नाहीं. फांदी जेथें खोडाला मिळते तेथें फुगीर कडें दिसतें. तें शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापावें, कारण जखम भरून येते ती त्याच कड्यांतून. मोठ्या जखमेला बोर्डो मलम लावण्याची आपल्याकडील बागायतदारांची रीत आहे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवून एकत्र करावा. पाणी एकंदर दहा लिटर. भांडें लोखंडाचें असूं नये.

सगळीं झाडें सारखीं नसतात. वड, पिंपळ, उंबर, पांगारा, भेंडी हीं झाडें नव्या जागीं लवकर मुळ्या धरतात. माडासारख्या झाडांच्या मुळ्या झुपक्यानें येतात, म्हणून तींहि हलविण्यास बरीं. मात्र त्यांचा शेंड्याचा कोंब एकच असतो, तो दुखावला कीं झाड संपलें. वाढलेला आंबा, फणस, चिंच, मोह, साग हीं झाडें हलविणें अवघड आहे. गिऱ्हाइकाला हें आधींच तोंडावर सांगावें.

आतां ज्या ठिकाणीं भले भले फसतात तें सांगतों. झाड लावल्यावर महिन्या-दीड महिन्यानें त्याला कोंवळी पालवी फुटते. गिऱ्हाईक खूष होतें, मक्तेदार फोटो काढून बिल लावतो. परंतु ही पालवी पुष्कळ वेळां खोडांत साठविलेल्या शिध्यावर फुटलेली असते. खालीं मुळ्या धरल्या नसतील तर शिधा संपतो आणि ऐन उन्हाळ्यांत झाड वाळतें. म्हणून पालवी दिसली म्हणजे झाड जगलें असें मानूं नये. एक उन्हाळा काढून दुसऱ्या पावसाळ्यांत जें नव्यानें फुटतें, तें जगलें म्हणावें.

त्या उन्हाळ्यापर्यंत काय करायचें? पाणी द्यायचें, पण डोळे मिटून नव्हे. बाहेरची माती भुसभुशीत असते. पाणी तींतून पळतें आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून बारीक सळईनें गोळ्यांतली माती काढून मुठींत दाबून पहावी. लाडू वळला तर ओल आहे, माती फुटली तर पाणी हवें, हाताला चिखल लागला तर पाणी थांबवावें. बुडाभोंवतीं आळें करून त्यांत तीन-चार इंच पाचट किंवा पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला चिकटूं देऊं नये.

आतां माझा हिशेब ऐका. जूनमध्यें झाड लावलें. पहिल्या महिन्यांत तिसऱ्या दिवशीं एक फेरी, म्हणजे दहा. पावसाळ्यांत पंधरवड्यानें एक. दसऱ्यापासून पुढल्या मृगापर्यंत आठवड्याला एक, म्हणजे सुमारें पस्तीस. एका झाडामागें वर्षाच्या पन्नास खेपा झाल्या. शंभर मैलांवरच्या मक्तेदाराला या पन्नास खेपा परवडत नाहींत, म्हणून तो त्या करीत नाहीं, आणि म्हणून झाड मरतें. तुम्ही सायकलवरून दूध घालायला जातां, त्याच वाटेवर तीं झाडें आहेत. तुमचें खरें भांडवल हेंच. क्रेन कोणालाहि भाड्यानें मिळेल. जवळ राहणारा जाणता माणूस भाड्यानें मिळत नाहीं.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, झाडें काय रोज रोज हलवायचीं असतात?" नाहीं. म्हणून या धंद्याची रोजची भाकरी निगेच्या कामावर चालावी, आणि झाड हलविण्याचें काम सणासुदीच्या पुरणपोळीसारखें समजावें. निगेचें काम किती आहे तें पहा. मे महिन्यांत वळवाच्या वाऱ्यानें घरावर, गोठ्यावर, शाळेवर पडतील अशा वाळक्या फांद्या काढणें. आंब्यावरचें बांडगूळ काढणें. पक्षी त्याचीं चिकट बीं फांद्यांना पुसतात, आणि नुसतें ओरबाडून काढलेलें बांडगूळ पुन्हां फुटतें, म्हणून फांदी त्याच्या खालून कापावी लागते, तीहि बीं धरण्याच्या आधीं. जुन्या आंबराईची विरळणी करून मध्यें ऊन पोंचविणें. नारळाचा शेंडा साफ करून गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा यांचा तपास ठेवणें. बुंध्यांतले खिळे व तारा काढणें. झाडाच्या गळ्याशीं आलेलें काँक्रीट फोडून माती मोकळी करणें. दिल्लींत तर २०१३ सालीं हरित न्यायाधिकरणानें झाडाभोंवतीं एक मीटरपर्यंत काँक्रीट नसावें असा हुकूमच दिला. आपल्या तालुक्याच्या गांवीं दवाखाने, मंगल कार्यालयें, कारखाने, शाळा, बंगले किती आहेत तें मोजा. वर्षाच्या कराराने दहा ठिकाणें मिळालीं तरी चार माणसांच्या कामाला पाया मिळतो.

झाडावर चढणें हलकें काम आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं केरळाकडे पहावें. तेथें नारळ उतरविणारीं माणसें मिळेनाशीं झालीं, तेव्हां नारळ विकास मंडळानें २०११ सालीं तरुणांना चढण्याच्या यंत्राचें व नारळाच्या निगेचें शिक्षण देण्यास सुरुवात केली. त्यांना "नारळाच्या झाडाचे मित्र" असें नांव दिलें. त्यांत स्त्रियाहि शिकल्या. काम तेंच होतें. शिक्षण, हत्यार व नांव मिळालें, तसा त्याला मान आला.

कायद्याची बाजू प्रत्येकानें समजून घेतली पाहिजे. शहरांसाठीं महाराष्ट्रांत १९७५ चा झाडांचें संरक्षण व जतन करण्याविषयींचा कायदा आहे. त्यानें नेमलेल्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून नगरपालिकेच्या हद्दींत झाड तोडतां येत नाहीं. रस्ते-इमारतींमुळें झाडें दुसरीकडे लावावीं लागल्यास तें पाहणें हेंहि प्राधिकरणाच्या कर्तव्यांत आहे. २०२१ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली. ५० वर्षें किंवा त्याहून अधिक वयाचें झाड "वारसा वृक्ष" ठरलें, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या बदल्यांत त्याच्या वयाइतकीं रोपें लावावीं असें ठरलें. म्हणजे चाळीस वर्षांच्या एका झाडामागें चाळीस रोपें. तीं रोपें कोणी तरी वाढविणार, कोणी तरी लावणार, कोणी तरी जगविणार! खेड्यापाड्यांसाठीं १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे; आंबा, चिंच, साग, मोह, जांभूळ, फणस, हिरडा अशीं झाडें त्याच्या यादींत आहेत. स्वतःच्या बांधावरचें झाड असलें तरी वनखात्याच्या कचेरींत विचारल्यावांचून त्याला हात लावूं नये. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय करवत बाहेर काढायची नाहीं, हा आपल्या धंद्याचा पहिला नियम असावा.

भांडवलाविषयीं. पहार, कुदळ, फावडें, कोयता, छाटणीची करवत, कातर, शिडी, दोर, गोणपाट, फवारणीचा पंप, साखळीची कप्पी व पाण्याची टाकी एवढ्यावर सुरुवात होते. यांतलें निम्मे सामान तुमच्या घरीं आहेच. सरकारदरबारीं उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. तिला एक पैसाहि लागत नाहीं, म्हणून "मी नोंदणी करून देतों, इतके द्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. लहान कर्ज लागल्यास २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत "शिशु" या वर्गांत ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज आहे. परंतु कर्ज काढून मोटारसायकल घेणारा धंदा करीत नाहीं, हें ध्यानांत ठेवा.

भांडवलापेक्षां मोठी गोष्ट लेखी करार. आपला माणूस तोंडी ठरवितो आणि मग बिल मागतांना हात जोडतो. करारांत झाडाची जात, घेर, जुनी जागा, नवी जागा, पाणी कोण पुरविणार, हें सर्व लिहावें. पैशाचे तीन भाग करावे: चर खणल्यावर एक, झाड नव्या जागीं उभें राहिल्यावर दुसरा, आणि तिसरा भाग दुसऱ्या पावसाळ्यांत झाड जिवंत दिसल्यावर. ही शेवटची अट तुम्हीं स्वतः होऊन घालावी. ज्याला झाड जगविण्याची खात्री नाहीं तो ही अट घालण्यास भिईल. तुम्हीं घातली कीं गिऱ्हाइकाला माणूस ओळखतां येईल. आणि प्रत्येक झाडाची वही ठेवा: कोणत्या तारखेला पाणी, ओल कशी, पालवी कशी, कीड कोणती. ही वही म्हणजे तुमचें प्रशस्तिपत्र. चौथी-सातवी शिकलेल्या पोराला एवढें लिहितां येतें. तेवढ्यासाठींच आम्हीं त्याला शिकविलें.

जिवाची काळजी घ्या. वीज खात्याच्या तारेजवळचें झाड असेल तर प्रवाह बंद केल्याखेरीज चढूं नका. भर पावसांत, वाऱ्यांत चढूं नका. कमरेचा पट्टा, डोक्यावर टोप, खालीं दोर धरणारा जाणता सोबती, यांशिवाय फांदी तोडूं नका. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेंत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला दोन लाखांचा विमा मिळतो; १८ ते ७० वर्षांच्या माणसाला बँकेंतील खात्यावरून तो घेतां येतो. चार कप चहाच्या पैशांत बायकामुलांची तेवढी तरी सोय होते. ज्याचा विमा नाहीं त्याला झाडावर चढवूं नये.

आतां मंडळी कशी जमवावी? या एका कामाला वडाराचा खणण्याचा हात हवा, माळ्याची छाटणीची नजर हवी, सुताराची घोडी हवी, रानावनांत वाढलेल्या कातकऱ्याचा चढणारा पाय हवा, आणि रोपवाटिकेंत रोप वाढविणाऱ्या बाईची चिकाटी हवी. ही विद्या एका जातीच्या घरीं नाहीं. ती गांवभर वांटलेली आहे. ती एकत्र आली तरच धंदा उभा राहील. परंतु एक अट पाळा. दोर ओढणारा एका जातीचा आणि पैसे मोजणारा दुसऱ्या जातीचा, अशी वांटणी झाली तर आपणहि त्या बाहेरच्या मक्तेदाराची धाकटी पातीच ठरूं. ज्यानें काम केलें त्याचें नांव वहींत, त्याचा वांटा नफ्यांत; आणि पाणी घालणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच दाम. हिशेब दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशीं सर्वांसमोर वाचावा.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. झाड हलविण्याची सोय आहे असें म्हटलें कीं लोक झाडावर सहज हात टाकतात. "तोडत नाहीं हो, हलवितों," असें म्हणून तोडीचें पाप कागदावर धुतलें जातें. आपला धंदा त्या पापाची झांकण होतां कामा नये. सांगली जिल्ह्यांतील भोसे येथें महामार्गाच्या आड एक फार जुना वड येत होता. २०२० सालीं लोकांनीं आवाज उठविला, आणि झाडासाठीं रस्त्याची आंखणी बदलण्याचें ठरलें. रस्ता वळूं शकतो. दोन-तीनशें वर्षांचा वड चालूं शकत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक आलें कीं पहिला प्रश्न विचारा, "झाड राहूं देऊन तुमचें काम भागेल कां?" भिंत दोन हात सरकली, गटार थोडें वळलें, तर पुष्कळ झाडें जागींच वांचतात. या सल्ल्यानें एक काम बुडेल. पण हा माणूस झाडाच्या बाजूचा आहे असें तालुकाभर होईल, आणि निगेचीं दहा कामें त्याच तोंडानें येतील.

कोणी म्हणेल, शिकलेल्या पोरानें झाडें छाटीत हिंडायचें कां? मी विचारतों, पदवी घेऊन भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत पारावर बसण्यांत कोणती प्रतिष्ठा आहे? नोकरी मिळाली तर अवश्य करा; मी स्वतः नोकरच आहें. परंतु ज्यांना ती मिळत नाहीं त्यांनीं आपलें तारुण्य वाट पाहण्यांत घालवूं नये. हा धंदा रातोरात श्रीमंत करणारा नाहीं. पहिल्या वर्षीं जेमतेम मजुरी सुटेल. दुसऱ्या पावसाळ्यांत तुमचीं झाडें उभीं दिसलीं म्हणजे लोक तुम्हांला शोधीत येतील. जगलेलें झाड हीच या धंद्याची पाटी. ती रंगवावी लागत नाहीं आणि खोटी करतांहि येत नाहीं.

आतां नुसत्या टाळ्या नकोत. मंडळाच्या टेबलावर मीं एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनीं नांव, वय आणि आपल्याला येणारें काम लिहावें. चढणें, खणणें, छाटणें, हिशेब, जें येत असेल तें. येत्या रविवारीं सकाळीं सात वाजतां कुदळ व सुतळी घेऊन शाळेंत या. शाळेच्या नव्या खोलीच्या पायाआड चार इंच जाडीचें एक भेंडीचें झाड येत आहे. पाया सरकतो कां तें मीं विचारून पाहिलें. जागा नाहीं, सरकत नाहीं. शाळा समितीची संमति व परवानगीचा कागद माझ्याजवळ आहे. रविवारीं आपण त्याचा घेर मोजूं, चराचे पहिले दोन भाग खणूं, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालूं.